कर्ता शोधू नका, आधी क्रियापद पकडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : माझा मुलगा सहावीत आहे. त्याचा इंग्रजीचा अभ्यास मीच घेते. माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं. 'वाक्यातला सब्जेक्ट आणि प्रेडिकेट वेगळे करा' हा प्रश्न आला की तो अडतो. मी त्याला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या : काम करतो तो सब्जेक्ट, आणि सब्जेक्ट वाक्याच्या सुरुवातीला येतो. परवाच्या चाचणीत चार वाक्यं होती, चारही चुकली. 'द लेटर वॉज रिटन बाय माय ग्रँडफादर' या वाक्यात त्याने ग्रँडफादरखाली रेघ मारली, 'अंडर द टेबल स्लेप्ट टू पपीज' यात टेबलखाली, 'क्लोज द डोअर' यात डोअरखाली आणि 'देअर आर थ्री कॅट्स ऑन द रूफ' यात देअरखाली. घरी येऊन म्हणाला, "आई, तू सांगितलंस तसंच केलं." बरोबर उत्तर कोणतं ते बाईंनी लिहून दिलंय, पण का, ते मला सांगता येत नाही. नवरा म्हणतो, क्लास लाव. जाऊबाई म्हणतात, हे व्याकरण पुढे कुणाला लागतंय, सोडून दे. मी काय करावं?

ताई,

तुमच्या मुलाच्या या चार रेघांमधली एकही अंदाजपंचे मारलेली नाही. पत्र लिहिण्याचं काम आजोबांनी केलं, म्हणून ग्रँडफादर. हा तुमचा पहिला नियम. टेबल आणि देअर सुरुवातीला आहेत, हा दुसरा. 'क्लोज द डोअर'मध्ये दोन्ही नियम लागू पडेनात, तेव्हा समोर जे एकमेव नाम दिसलं ते त्याने उचललं. मुलगा नियम पाळणारा आहे. दुसरे नियम हातात दिलेत तर तेही तो इमानेइतबारे पाळेल. त्यामुळे क्लास लावायचा की नाही हे जरा बाजूला ठेवू आणि आधी त्या नियमांकडे बघू.

'काम करतो तो सब्जेक्ट' हे काही तुमच्या मनाचं नाही. आपण बहुतेक सगळे हेच शिकलो आणि 'द डॉग बार्क्स' किंवा 'द बॉय कॅचेस द बॉल' अशा वाक्यांपुरतं ते चालूनही जातं. पण 'माय सिस्टर इज टॉल' घ्या. उंच असणं हे काय काम झालं? 'द ग्लास ब्रोक' घ्या. फुटणं हे त्या ग्लासचं कर्तृत्व म्हणायचं का? आणि 'इट इज रेनिंग'मधला 'इट' म्हणजे नेमकं कोण, हे विचारायला गेलात तर कुणीच सापडत नाही. तरीही या तिन्ही वाक्यांत सब्जेक्ट आहे आणि तो कोणता याबद्दल कुणाचं दुमत नाही. इंग्रजीत सब्जेक्ट ही वाक्यातली एक जागा आहे. तिथे बऱ्याचदा काम करणाराच येऊन बसतो, म्हणून आपली फसगत होते. 'वॉज रिटन'सारख्या पॅसिव्ह वाक्यात काम करणारा उठून मागे 'बाय'च्या आडोशाला जातो आणि जागेवर पत्र येऊन बसतं. जागा तीच, बसणारा बदलला.

मराठी माध्यमाचा उल्लेख तुम्ही जरा अपराधी सुरात केला आहे. मला मात्र ती या बाबतीत तुमची जमेची बाजू वाटते. शाळेत तुम्ही प्रयोग शिकला आहात : कर्तरी, कर्मणी, भावे. 'मुलाने निबंध लिहिला' आणि 'मुलाने गोष्ट लिहिली'. लिहिणारा तोच, पण क्रियापद निबंध आणि गोष्टीच्या मागे गेलं. हा कर्मणी प्रयोग. 'मुलाने मांजराला पकडलं' इथे तर क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही. म्हणजे आपल्या भाषेत क्रियापद कुणाचं ऐकेल याचा भरवसा नाही आणि म्हणूनच काम करणारा वेगळा शोधावा लागतो. इंग्रजीत हा गुंता नाही. तिथे वर्तमानकाळातलं क्रियापद एकाचंच ऐकतं, सब्जेक्टचं. कर्माचं कधीच नाही.

याचं एक छोटं वाक्य मुलाला लिहून दाखवा : 'त्याला दोन बहिणी आहेत.' यातलं 'आहेत' बहिणींमुळे आलं. आता इंग्रजी : 'ही हॅज टू सिस्टर्स.' बहिणी दोन असोत की दहा, 'हॅज' जागचं हलत नाही, कारण ते 'ही'ला बांधलेलं आहे. आपल्याकडची मुलं इथे 'ही हॅव टू सिस्टर्स' लिहून जातात ती मराठी कानाने ऐकतात म्हणून, आळसाने नव्हे. ही दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवून फरक दाखवणं तुम्हाला जमेल. घरात फक्त इंग्रजीच बोलणाऱ्या आईला ते सुचणारही नाही.

आता प्रत्यक्ष पद्धत. उलट्या बाजूने सुरुवात करायची : सब्जेक्ट शोधायचाच नाही, आधी क्रियापद पकडायचं. आणि 'क्रिया दाखवणारा शब्द' या व्याख्येने ते पकडायला जाऊ नका, तिथेही घसरगुंडी आहे. 'द बॉय सिटिंग बाय द विंडो लुक्स स्लीपी' यात मुलं पटकन 'सिटिंग' धरतात, कारण बसणं ही डोळ्यांना दिसणारी क्रिया. त्यापेक्षा काळ बदलून बघा. हेच वाक्य कालचं करायचं झालं तर कोणता शब्द बदलेल? 'लुक्स'चं 'लुक्ट' होईल, 'सिटिंग' जसंच्या तसं राहील. जो शब्द काळाबरोबर बदलला तो खरा, त्याच्याखाली दोन रेघा. वाक्य आधीच भूतकाळातलं असेल तर उलट करा, रोजचं करून बघा. 'कॅन', 'विल', 'मस्ट' यांसारखा शब्द दिसला तर चाचणीचीही गरज नाही, तोच धरायचा.

क्रियापद हाती आलं की त्या वाक्याचा होय-नाही असं उत्तर येणारा प्रश्न करायचा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हीच एक युक्ती मुलाने नीट घोटवावी. 'द गर्ल नेक्स्ट डोअर सिंग्ज एव्हरी मॉर्निंग' याचा प्रश्न काय? 'डझ द गर्ल नेक्स्ट डोअर सिंग एव्हरी मॉर्निंग?' आता 'डझ' आणि 'सिंग' यांच्या मधोमध काय अडकलं ते बघा : 'द गर्ल नेक्स्ट डोअर'. तोच सब्जेक्ट, अख्खा, ना एक शब्द कमी ना जास्त. नुसतं 'गर्ल' नाही, नुसतं 'डोअर' तर नाहीच. वाक्यात आधीपासूनच 'इज', 'आर', 'वॉज', 'कॅन' असं काही असेल तर 'डझ' लागत नाही. तो शब्द स्वतःच उडी मारून पुढे येतो आणि ज्याच्यावरून उडी मारली तो सब्जेक्ट.

गट कुठे संपतो याची शंका आली तर त्याच्या जागी 'ही', 'शी', 'इट' किंवा 'दे' घालून बघायचं. 'द कीज टू द ओल्ड कपबोर्ड आर अंडर द पिलो' यात 'दे आर अंडर द पिलो' म्हणता येतं. 'दे टू द ओल्ड कपबोर्ड आर अंडर द पिलो' म्हणता येत नाही, ऐकतानाच हसू येतं. म्हणजे कपाटसुद्धा सब्जेक्टच्या गटातलंच, फक्त गटाचा म्होरक्या 'कीज'. क्रियापद म्होरक्याकडे बघतं, म्हणून 'आर'. अशा वाक्यांत मोठी माणसंही 'इज' लिहितात, कारण क्रियापदाच्या अगदी कडेला 'कपबोर्ड' हे एकवचन उभं असतं. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्हज हिअर' यात 'लिव्हज' का, हेही त्यातलंच : मित्र अनेक असले तरी म्होरक्या 'वन' आहे.

हे 'ही', 'शी', 'दे' घालून बघणं आणखी एका कामाला येतं. 'ही' आणि 'हिम', 'दे' आणि 'देम', 'शी' आणि 'हर' यातलं पहिलं रूप बसलं तर सब्जेक्ट, दुसरं बसलं तर नाही. 'यू' आणि 'इट' मात्र दोन्हीकडे सारखेच, त्यांच्यावर ही चाचणी चालत नाही.

आता चाचणीतली वाक्यं याच वाटेने नेऊ. 'वॉज द लेटर रिटन बाय माय ग्रँडफादर?' इथे 'वॉज'ने 'द लेटर'वरून उडी मारली. खात्री करायची तर एका पत्राची चार पत्रं करा, 'वॉज'चं 'वेअर' होतं. आजोबांबरोबर आजीलाही लिहायला बसवा, 'वॉज' ढिम्म. दुसरं : 'डिड टू पपीज स्लीप अंडर द टेबल?' मधोमध अडकली पिल्लं. टेबल प्रश्न करताक्षणी आपसूक मागे सरकलं. 'इन द', 'अंडर द', 'आफ्टर द' अशी सुरुवात असलेल्या वाक्यांत हे नेहमी घडतं आणि म्हणून 'सुरुवातीला येतो तो सब्जेक्ट' हा नियम मी मुळातूनच काढून टाकेन. साध्या विधानात सब्जेक्ट बहुतेक वेळा क्रियापदाच्या अलीकडे असतो, एवढंच खरं. त्याच्याही अलीकडे आणखी काही असू शकतं.

'क्लोज द डोअर' हे आज्ञार्थी वाक्य. इथे सब्जेक्ट 'यू' आणि तो बोलून दाखवलेला नाही. मुलगा विचारेल, नाही तर मग आहे कशावरून? त्याला 'क्लोज द डोअर, विल यू?' हे म्हणून दाखवा; शेपटीत लपलेला 'यू' बाहेर येतो. किंवा 'बिहेव युअरसेल्फ' म्हणा. 'युअरसेल्फ' कुणामुळे आलं, हा प्रश्न त्यालाच घाला. मराठीत असं लपवणं आपण सर्रास करतो : 'आलो', 'जातेस का?', 'जेवलात?' आपलं क्रियापदच माणूस सांगतं. इंग्रजी क्रियापदाला ते फारसं जमत नाही, म्हणून आज्ञा सोडली तर इंग्रजीला ती जागा रिकामी ठेवणं चालत नाही. पावसाच्या वाक्यात बसायला कुणीच नाही, तरी जागा धरायला रुमाल टाकावा तसा 'इट' टाकला जातो.

राहिलं चौथं. ते मुद्दाम मागे ठेवलं, कारण तिथे तुमच्या मुलाची बाजू अगदीच लंगडी नाही. 'देअर आर थ्री कॅट्स ऑन द रूफ' याचा प्रश्न 'आर देअर थ्री कॅट्स ऑन द रूफ?' उडी 'देअर'वरून! पण मांजर एकच केलं तर 'आर'चं 'इज' होतं, म्हणजे क्रियापद मांजरांचं ऐकतं. दोन चाचण्या दोन उत्तरं देतात, आणि व्याकरणकारांमध्येही इथे दोन मतं आहेत. काही जण 'देअर'ला नावापुरता सब्जेक्ट मानतात, शालेय व्याकरण मात्र 'थ्री कॅट्स' हेच उत्तर धरतं. परीक्षेत 'थ्री कॅट्स' लिहायचं. बाईंशी वाद घालायला जाऊ नका, पण मुलाला घरी जरूर सांगा की या वाक्यावर जाणकारांचंही एकमत नाही. सहावीतल्या मुलाला हे ऐकून बरं वाटतं. आणि 'इज' की 'आर' हे ठरवताना बघायचं ते मांजरांकडेच, यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

प्रेडिकेटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सब्जेक्ट काढून घेतला की उरतं ते सगळं प्रेडिकेट. ते वेगळं शोधावं लागत नाही. दोन गोष्टींची नोंद मात्र ठेवा. प्रेडिकेट कधी कधी दोन तुकड्यांत असतं : 'अंडर द टेबल स्लेप्ट' हे सगळं प्रेडिकेटच, आणि 'यस्टरडे माय ब्रदर केम लेट' यातलं 'यस्टरडे' पुढे उभं असलं तरी प्रेडिकेटचंच. आणि काही पुस्तकांत 'सिंपल प्रेडिकेट' विचारतात, तेव्हा फक्त क्रियापद लिहायचं. 'कंप्लीट' म्हटलं की सगळं. सब्जेक्टचंही तसंच : 'सिंपल' म्हणजे म्होरक्या, 'कंप्लीट' म्हणजे अख्खा गट. मुलाचे गुण यातल्या गोंधळामुळेही जात असतील, तेव्हा त्याच्या पुस्तकात काय अपेक्षित आहे ते एकदा बघून घ्या.

ज्या वाक्यात दोन क्रियापदं दिसतात तिथे मुलं गडबडतात. 'द मॅन हू फिक्स्ड द फॅन इज माय अंकल.' काळाची चाचणी इथे 'फिक्स्ड' आणि 'इज' दोघांनाही पास करेल. मग निकाल प्रश्नावर सोडायचा : 'इज द मॅन हू फिक्स्ड द फॅन माय अंकल?' पुढे आलं ते 'इज', म्हणून मुख्य क्रियापद तेच, आणि पंखा दुरुस्त करण्यासकट सगळा माणूस सब्जेक्ट. आणि जी वाक्यं मुळातच 'हू' किंवा 'व्हॉट'चे प्रश्न असतात, त्यांत 'डू', 'डझ' किंवा 'डिड' आहे का ते बघा. 'व्हॉट डिड द कॅट ब्रेक?' यात 'डिड'च्या पुढे मांजर, तीच सब्जेक्ट. 'हू ब्रोक द कप?' यात 'डिड' नाही, म्हणजे 'हू' स्वतःच सब्जेक्ट.

घरी हे कसं करायचं? व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्यं घेऊ नका, ती बेतीव असतात. त्याला आवडणाऱ्या गोष्टीच्या पुस्तकातली दोन-तीन वाक्यं घ्या, कागदाच्या लांब पट्टीवर लिहा आणि हातात कात्री द्या. अट एकच : कापण्याआधी प्रश्न मोठ्याने म्हणून दाखवायचा. चित्रं काढण्याची आवड असेल तर दुसरा मार्ग आहे. 1877 मध्ये ॲलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या दोन अमेरिकन शिक्षकांनी वाक्याची आकृती काढायची पद्धत मांडली, ती अजून वापरात आहे. एक आडवी रेघ मारायची. डावीकडे सब्जेक्टचा म्होरक्या, उजवीकडे क्रियापद, आणि दोघांच्या मध्ये आडव्या रेघेला आरपार छेदणारी उभी रेघ. क्रियापद आणि कर्म यांच्यातही उभी रेघ येते, पण ती आडव्या रेघेवरच थांबते, खाली उतरत नाही. बाकीचे शब्द खाली तिरक्या रेघांवर लटकवायचे. फार लांबची वाक्यं यात कोंबू नका, आकृती जाळ्यासारखी होते आणि मुलगा वैतागतो. पण ती आरपार जाणारी रेघ कुठे मारायची, हे ठरवताना होणारी झटापट फार कामाची असते.

जाऊबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोठेपणी कुणी तुमच्या मुलाला सब्जेक्टखाली रेघ मारायला सांगणार नाही. पण अर्ज लिहिताना लांबलचक वाक्यात 'इज' की 'आर', 'हॅज' की 'हॅव' हे ठरवायची वेळ येणार, आणि तिथे म्होरक्या ओळखता आला नाही तर कान फसवतो. तेव्हा नावं आणि व्याख्या पाठ नसल्या तरी चालेल, म्होरक्या मात्र सापडायला हवा. दोन क्रियापदांची वाक्यं सध्या बाजूला ठेवा. एकाच क्रियापदाची वाक्यं तो न अडखळता कापायला लागला की मग ती घ्या.

क्लासचा निर्णय महिनाभर लांबवा असं मी म्हणेन. त्यानंतरही छोट्या वाक्यांत तो अडत असेल तर आधी एक बघा : त्या वाक्याचा अर्थ त्याला मराठीत सांगता येतो का? येत नसेल तर अडचण सब्जेक्टची नाही, वाचनाची आहे आणि व्याकरणाच्या क्लासने ती सुटणार नाही. अर्थ येतो आणि तरी अडतो, किंवा त्याला शिकवताना तुमचा आवाज चढतो (हेही कारण पुरेसं आहे, त्यात कमीपणा मानू नका), तर जरूर क्लास लावा. फक्त नाव घालण्याआधी शिकवणाऱ्यांना विचारा, 'इट इज रेनिंग'मधला सब्जेक्ट मुलांना कसा समजावता? 'इट म्हणजे पाऊस' किंवा 'इट म्हणजे आभाळ' असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघा.